मध्यांत्राचा लाल दोरा

माणसाचं लहान आतडं किती लांब असतं ते मला भगवान रोकडेंनी मोजून दाखवलं. माझ्या हातात शिवणाची टेप होती आणि त्यांच्या हातात आतडं. वीस फूट भरलं, वर एक वीत.

"ही पहिली वीत पाठीला चिकटलेली असते, ती सोडा," ते म्हणाले. "मग हे आठ फूट जेजुनम. मराठीत मध्यांत्र. उरलेलं बारा फूट इलियम. लिहा कुंदाताई."

मी स्टॉक रजिस्टरात लिहिलं: लहान आतडं, नग एक. आमच्या रजिस्टरात फुटांना रकाना नव्हता.

सत्त्याऐंशी सालची ही गोष्ट. अंबरनाथला पूर्वेकडे एक खाजगी होमिओपॅथी कॉलेज होतं. मी तिथं टायपिस्ट होते आणि स्टोअरही माझ्याकडेच. मागच्या बाजूला पत्र्याची लांबलचक शेड, तिला डिसेक्शन हॉल म्हणायचं. आत चार टेबलं, त्यांवर चार मुडदे, आणि त्या सगळ्यांचं बघणारे भगवान रोकडे, अटेंडंट, हंगामी. अकरा वर्षं हंगामी. पाऊस हंगामी असतो हे माहीत होतं, माणूस अकरा वर्षं हंगामी राहू शकतो हे तिथं कळलं.

शरीररचना शिकवायला डॉ. श्यामकांत टिपणीस. बदलापूरला दवाखाना, कॉलेजात अकरा ते एक. गोरे, उंच, इंग्रजी सुरेख. वर्गात फळ्यावर रंगीत खडूंनी पोट काढायचे तेव्हा मुली वहीऐवजी त्यांच्याकडेच बघायच्या. मुडद्याला मात्र हात लावायचे ते पट्टीने.

भगवानभाऊंचं उलटं. ते विठ्ठलवाडीच्या चाळीत वाढलेले. त्यांची आई बनूबाई वजडी आणि आतडी धुऊन विकायची. सात वर्षांचे असल्यापासून त्यांचे हात परातीत. बकऱ्याच्या आतड्याचा कुठला तुकडा वरचा, कुठला खालचा, हे त्यांना डोळे मिटून कळायचं, कारण आई चुकीचा तुकडा चुकीच्या ढिगात टाकला की पाठीत धपाटा घालायची. पुढे कॉलेजात जुने चिंतामणी सर होते, त्यांनी बोटांतल्या त्या ज्ञानाला नावं दिली. सर निवृत्त झाले, नावं राहिली.

टिपणीस सर एक वाजता गेले की मुलं भगवानभाऊंभोवती जमायची.

"हे बघा," ते म्हणायचे, "चिमटीत धरा. जाड लागतं ना? आत घड्या आहेत, गोधडीला असतात तशा. हे जेजुनम. आता हे धरा. मलमल. हे खालचं इलियम. आता आतड्याचा पडदा उजेडाकडे धरा. रक्ताच्या नळ्या बघा. जेजुनमला एक-दोन कमानी आणि मग लांब सरळ नळ्या, बैठी चाळ. मधे मधे खिडक्या, आरपार दिसतं. इलियमला कमानीवर कमानी, चार-पाच मजले, नळ्या आखूड, आणि चरबी कडेपर्यंत. खिडकी नाय, हवा नाय. उल्हासनगरच्या कॅम्प तीनची बिल्डिंग."

मुलं हसायची. हसलेलं लक्षात राहतं.

पण परीक्षेच्या आधी हसायला वेळ नसतो. मुलं तुकडे काढून बघायची आणि कुठलाही तुकडा कुठल्याही ट्रेमध्ये टाकायची. म्हणून भगवानभाऊंनी एक पद्धत पाडली. उल्हासनगरला कॅम्प पाचच्या एका सिंधी साईंच्या दुकानातून दोन रिळं आणली. जेजुनमला लाल दोरा, इलियमला पांढरा. झालं! महिन्याभरात आतड्याला चिमटीत धरणं बंद पडलं. सगळे दोरा वाचायला लागले. मुलं वाचायची, आणि माझ्या लक्षात आलं की सरही वाचतात. ट्रेजवळ यायचे, पट्टीने तुकडा अर्धा इंच फिरवायचे, दोरा दिसला की खणखणीत आवाजात, "धिस इज जेजुनम!"

मी एकदा भगवानभाऊंना म्हटलं, "सरांना दोऱ्याशिवाय येतं का हो?"

"ताई, कशाला कुणाचं झाकलेलं उघडा?" ते म्हणाले. हे मुडदे उघडणारा माणूस म्हणत होता.

चहाचंही सांगून टाकते. स्टाफरूममध्ये कपांचा एक सेट होता. भगवानभाऊंचा कप त्यात नव्हता, तो शेडच्या खिडकीत असायचा, कडेचा टवका उडालेला. का, तर मुडदे टिकवायच्या फॉर्मलिनचा वास. आता वास तर सरांच्या हातांनाही यायचा. वास दोघांना होता, कप एकाचाच वेगळा होता. दोन वर्षं मी तो कप बघितला आणि काही बोलले नाही. हे माझ्या नावावर.

दोन वर्षं खपून भगवानभाऊंनी सत्तावीस बरण्या तयार केल्या होत्या. हृदय, मूत्रपिंड, अर्धं डोकं. पण त्यांचा जीव एकतीस नंबरात. (नंबर एकतीस, कारण आधीच्या चार जुन्या होत्या.) त्या बरणीत जेजुनम आणि इलियम शेजारीशेजारी पसरून टांगलेले. शेंदूर आणि पिठाची खळ करून त्यांनी ती सुईने नळ्यांत भरली होती, मग एकेक कमान चिमट्याने सोडवली होती. उजेडात धरली की लाल जाळी उभी राहायची. मीसुद्धा बघत बसायचे, आणि मला आतड्याची आवड नाही.

जानेवारीत सरांनी मला सत्तावीस लेबलं टाइप करायला सांगितली. प्रत्येकावर खालची ओळ एकच: 'तयार करणारे: डॉ. श्यामकांत टिपणीस.'

मी म्हटलं, "सर, भगवानचं नाव? साहाय्य म्हणून तरी?"

"मिस कुंदा, ताजमहालावर गवंड्याचं नाव असतं का?"

लेबलं चिकटवायचं काम अर्थातच गवंड्याचं. भगवानभाऊंनी डिंकाची बाटली घेतली आणि सत्तावीस लेबलं स्वतःच्या हाताने लावली. एकही तिरकं नाही. मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

सव्वीस जानेवारीला कॉलेज लोकांना बघायला खुलं असायचं. भगवानभाऊ त्यांच्या बायकोला, चांगुणाबाईंना घेऊन आले. इस्त्रीचं पातळ, केसात अबोली. दोन वर्षं घरी एकतीस नंबरची गोष्ट ऐकली असणार. चांगुणाबाई प्रौढ वर्गात वाचायला शिकलेल्या, बोट ठेवून वाचायच्या. त्यांनी बरणीकडे बघितलं, मग लेबलावर बोट ठेवलं.

"तयार... करणारे... डॉक्टर..." शेवटपर्यंत वाचलं. मग नवऱ्याकडे वळून साधंच विचारलं, "तुमचं कुठं हाय?"

भगवानभाऊ म्हणाले, "चल, चहा घेऊ."

त्या दिवसापासून ते माझ्याशीही कमी बोलायला लागले. जास्त बोलणारा माणूस चिडला की भांडतो. कमी बोलणारा चिडला की काम करतो.

मार्चमध्ये म्युझियम टेक्निशियनची जागा मंजूर झाली. कायम. भगवानभाऊंना डिसेंबरात पंचेचाळीस पुरी होणार होती, त्यानंतर अर्जच चालत नव्हता. म्हणजे ही पहिली संधी आणि हीच शेवटची. त्यांनी अर्ज केला. दुसरा अर्ज अनंताचा, टिपणीस सरांच्या मेहुण्याचा. अनंता बी.एस्सी. होता, आणि शेडच्या दारातून आत डोकावल्यावर त्याला एकदा ओकारी आली होती.

अर्जावर विभागाचा शेरा लागायचा. सरांनी मला बसवून सांगितला, मी टाइप केला: 'सदर कर्मचाऱ्यास शरीररचनेचे कोणतेही ज्ञान नाही. तो केवळ उचल-ठेव करतो.'

"तीन कार्बन कॉप्या काढा," सर म्हणाले.

मी चार काढल्या. चौथी स्टॉक रजिस्टरात ठेवली, बरोबर त्या पानावर जिथं भगवानभाऊंना सही करायची होती.

त्यांनी सही केली. मग कागद वाचला. दोनदा वाचला. घडी घालून परत रजिस्टरात ठेवला.

"ताई, हा कागद सांभाळा," म्हणाले. "मोजक्या शब्दांत चांगलं लिहिलंय सरांनी."

विद्यापीठाची समिती एप्रिलमध्ये यायची होती. तिच्या अहवालावर सरांची विभागप्रमुखाची नेमणूक पक्की होणार, हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं. सरांनीच सांगितलं होतं. आदल्या दिवशी दुपारी मी ट्रे मोजायला शेडमध्ये गेले. भगवानभाऊ स्टुलावर बसून नखांनी दोऱ्यांच्या गाठी सोडत होते. एकेक तुकडा घ्यायचा, गाठ सोडायची, तुकडा ठेवायचा, दोरा काडेपेटीत.

"हे काय चाललंय?"

"उचल-ठेव."

"भगवानभाऊ, उद्या समिती आहे!"

"म्हणून तर. ज्ञान नसलेल्या माणसाने बांधलेले दोरे समितीला कसे दाखवायचे? कॉलेजची बदनामी होईल." काडेपेटी त्यांनी माझ्यापुढे धरली. "बघा, हे तुमच्या रजिस्टरात आहेत का?"

"नाहीत."

"मग माझे आहेत."

"आणि कॉलेजची मान्यता गेली तर? पोरांचं काय?"

"मान्यता खुर्च्या, खोल्या आणि मुडदे बघून देतात. ते सगळं हाय. एकच गोष्ट कमी पडेल." त्यांनी शेवटची गाठ नखाने सोडली. "माझ्या बायकोने लेबलावर बोट ठेवलं होतं, ताई. ते बोट मला अजून दिसतंय."

मला सरांना सावध करता आलं असतं; समितीच्या तयारीसाठी ते त्या दिवशी उशिरापर्यंत वरच होते. जिना चढून वर जायचं, एक वाक्य बोलायचं. मी स्टोअरला कुलूप लावलं आणि घरी गेले. हेही माझ्या नावावर, पण हे मी आनंदाने लिहिते.

दुसऱ्या दिवशी तिघांची समिती आली. दोघांनी खुर्च्या मोजल्या. तिसऱ्या डॉ. उमा हर्डीकर, साठीच्या, ठेंगण्या, पांढऱ्या साडीवर ॲप्रन. त्या थेट शेडमध्ये आल्या. मी रजिस्टर घेऊन मागे. बरण्या बघून त्या खूश झाल्या. एकतीस नंबरापुढे तर पाच मिनिटं उभ्या.

"डॉक्टर, शेंदराचं इंजेक्शन हल्ली कुणी इतकं निगुतीने करत नाही. तुम्ही केलंत?"

"हो, म्हणजे... वेळ काढावा लागतो," सर म्हणाले.

भगवानभाऊ ट्रेजवळ उभे होते, हात मागे बांधून.

बाईंनी ट्रेमध्ये हात घातला, दोन तुकडे उचलले आणि सरांपुढे धरले. "यातलं जेजुनम कुठलं?" विचारण्यात खोच नव्हती. ज्याने एकतीस नंबर केला त्याला हे विचारणं म्हणजे हवापाण्याच्या गप्पा.

सरांनी पट्टीने एक तुकडा फिरवला. मग दुसरा. मग दोन्ही परत. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"भगवान, दोरे कुठं गेले?"

"कसले दोरे?" बाईंनी विचारलं.

तेवढ्यात प्रिन्सिपॉल चहाला बोलवायला दारात आले. बाईंनी तुकडे ट्रेच्या कडेला ठेवले. "हात धुऊन आलेच. मग सांगा." आणि नळाकडे गेल्या. नळ शेडच्या बाहेर होता.

सर भगवानभाऊंच्या इतके जवळ आले जितके आजवर कधी आले नव्हते.

"कुठला रे? नुसतं बोट लाव."

"काय सर?"

"वेळ नाही, भगवान! शेरा आजच्या आज बदलतो. पोस्ट तुझी. या कुंदाबाईंसमोर सांगतो."

भगवानभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली: घ्या. खरंच सांगते, मला तेव्हा वाटलं, बदला गेला खड्ड्यात, डिसेंबर येतोय, हो म्हणा. बाहेर नळ बंद झाल्याचा आवाज आला.

"अरे बायकोचा तरी विचार कर!" सर कुजबुजले.

"तिचाच करतोय," भगवानभाऊ म्हणाले. "मला ज्ञान नाय सर. मी फक्त उचल-ठेव करतो."

बाई आत आल्या. "हं, डॉक्टर?"

सरांनी डावीकडच्या तुकड्यावर पट्टी ठेवली. "हे जेजुनम."

आणि बरोबर निघालं! नाणं उडवलं तरी निम्म्या वेळा बरोबर येतं. सरांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. माझा उतरला.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "कशावरून?"

"अं... रंगावरून. जेजुनम जास्त तांबडं असतं."

हे पुस्तकात खरं आहे. जिवंत माणसात तर नक्कीच खरं आहे. पण वर्षभर फॉर्मलिनमध्ये भिजल्यावर सगळ्या आतड्यांचा रंग एकच होतो, पावसाळी गटाराचा. बाईंनी दोन्ही तुकडे शेजारीशेजारी धरले आणि सरांना दाखवले. चूक असतं तर गडबडीत झालं म्हणता आलं असतं. बरोबर उत्तराने माणूस बुडालेला मी तेव्हाच पाहिला.

"हातमोजे घाला डॉक्टर, चिमटीत धरून बघा," त्या शेवटी म्हणाल्या. सरांनी धरलं. त्यांना काय लागायला हवं तेच माहीत नव्हतं. "कमानी किती? खिडक्या दिसतात?" सर एकतीस नंबराकडे बघायला लागले, जणू बरणी सांगेल.

बाईंनी तुकडे भगवानभाऊंकडे दिले. "जागेवर ठेवून दे."

भगवानभाऊंनी पहिला तुकडा घेतला, घेता घेता अंगठ्याने एकदा चाचपला, आणि टेबलावरच्या उघड्या पोटात वर, डाव्या बाजूला ठेवला. दुसरा चाचपला, खाली उजवीकडे ठेवला. नजर समोरच्या भिंतीवर.

बाई थांबल्या. ट्रेमधून तिसरा तुकडा दिला. वर. चौथा. खाली. पाचवा. भगवानभाऊंनी तो उलटा करून पडद्याची बाजू पाठीकडे वळवली आणि वर ठेवला. सहावा, सातवा. शेडमध्ये फक्त फॉर्मलिनचे थेंब पडत होते.

"हा इथं का ठेवलास?"

"मी फक्त उचल-ठेव करतो, मॅडम. मला ज्ञान नाय."

"कोण म्हणतं?"

भगवानभाऊंनी हात पुसून मागे बांधले. ते बोलणार नव्हते हे मला कळलं. एकदा गाठ सोडली की सोडली. मग मी रजिस्टर उघडलं आणि चौथी कार्बन बाईंच्या हातात दिली. कागदाला तोंड असतं, फक्त कुणीतरी ते उघडावं लागतं.

बाईंनी वाचली. मग चालत जाऊन एकतीस नंबरचं लेबल वाचलं. मग सरांकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, जसं त्यांनी मघाशी मुडद्याकडे बघितलं होतं.

"तुझं नाव काय?"

"भगवान बाबू रोकडे."

बाईंनी ते लिहून घेतलं. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

अहवाल जूनमध्ये आला. मान्यता कायम. विभागप्रमुख म्हणून डॉ. टिपणीस यांचा विचार करू नये. टेक्निशियनची जागा प्रत्यक्ष हाताच्या परीक्षेवर भरावी. आणि चौथा मुद्दा: बरण्यांवरची लेबलं दुरुस्त करून, संबंधित अध्यापकाच्या सहीनिशी, समितीस कळवावं.

परीक्षा ऑगस्टमध्ये झाली. अनंता आलाच नाही. भगवानभाऊंना ऑर्डर मिळाली तेव्हा पंचेचाळीस पुरी व्हायला चार महिने बाकी होते.

मग मी सत्तावीस लेबलं पुन्हा टाइप केली. तीच मशीन, तीच रिबन, खालची ओळ वेगळी. सर नोकरी सोडून जातील असं सगळ्यांना वाटत होतं. गेले नाहीत. बदलापूरच्या पाटीवर 'प्राध्यापक' लिहिलेलं होतं, ते पुसायचं कसं?

एक वाजता सर निघायच्या बेतात असताना भगवानभाऊ शेडच्या दारात उभे राहिले. नवा खाकी कोट, खिशाला पेन.

"सर, लेबलं लावायची आहेत."

"लाव की मग."

"तुमच्या सहीनिशी लिहिलंय. तुमच्यासमोर नाय, तुमच्या हाताने झालेलं बरं. परत कुणी म्हणायला नको." त्यांनी डिंकाची बाटली पुढे केली. "काही अवघड नाय सर. नुसती उचल-ठेव."

मी रजिस्टर घेऊन बसले होते, नग तपासायला. मी उठले नाही. असल्या वेळी उठायचं नसतं.

सरांनी ओल्या फडक्याने स्वतःचं नाव भिजवलं, खरवडलं, नवं लावलं. सही केली. एक. दोन. पाचव्याला भगवानभाऊ म्हणाले, "तिरकं झालं सर. काढा." सरांनी काढलं. नवव्यालाही काढलं. सतराव्याला त्यांच्या शर्टाच्या बाहीला डिंक लागला. भगवानभाऊ मागे हात बांधून उभे, आवाज न चढवता, सर म्हणत, प्रत्येक वेळी सर म्हणत.

एकतीस नंबर त्यांनी शेवटी ठेवला होता. त्या बरणीपुढे चांगुणाबाईंना उभं केलं होतं. त्या केव्हा आल्या मला कळलंच नाही. सरांनी लेबल लावलं. चांगुणाबाईंनी बोट ठेवलं.

"तयार करणारे... भगवान... रोकडे." मग सरांकडे वळून म्हणाल्या, "सरळ हाय."

तेवढ्यात वरून चहा आला. भगवानभाऊंनी पोऱ्याच्या हातातून किटली घेतली. एक नवा कप बायकोला दिला, एक मला, एक स्वतः घेतला. मग खिडकीतला टवका उडालेला कप काढला, नीट विसळला, भरला आणि सरांपुढे ठेवला.

"तुमच्या हातांना वास आहे, सर," ते म्हणाले. "राग मानू नका."

सरांनी कप उचलला, ती उडालेली कड बघितली आणि परत ठेवला.